वाजवणारा श्वास कधी घेतो?

१८ सप्टेंबर

गोव्याच्या किनाऱ्यावर पार्ट्यांचा सीझन तोंडावर आलाय. थोड्याच दिवसांत मोरजी-आश्व्यापासून हणजूण-वागातोरपर्यंतची ठिकाणं पावसाळी ताडपत्र्या काढायला लागतील. त्याआधीचे हे दिवस माझ्यासारख्या लॅपटॉपवर नाचाचं संगीत करणाऱ्यांच्या धावपळीचे. ट्रॅक पुरे करायचे, मास्टर करायचे म्हणजे त्यांच्या आवाजावर शेवटचा हात फिरवायचा, डीजेंना आणि लेबलांना लिंक धाडायच्या आणि उत्तराची वाट बघायची.

परवा एका ओळखीच्या डीजेने त्याच्याकडे आलेले ट्रॅक मला ओळीने ऐकवले. प्रत्येकाला तो जेमतेम वीस-पंचवीस सेकंद देतो. किक, म्हणजे खालचा मुख्य ठोका, ऐकतो, उडी मारून ड्रॉप, म्हणजे बीट जोरात कोसळते तो भाग, ऐकतो, की पुढचा. शेजारी बसून ऐकताना माझ्या पोटात गोळा आला, कारण बहुतेक ट्रॅक चांगले होते. किक घट्ट, बेस स्वच्छ, मिक्समध्ये कुठे गिचमीड नाही. पण एक संपून दुसरा कधी सुरू झाला ते स्क्रीनकडे बघितल्याशिवाय कळत नव्हतं. १२० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांच्या, आसपासचा तोच टेम्पो, तीच शेकरची लूप, लांबून येणारा तोच बाईचा आलाप. सॅम्पल पॅक, म्हणजे तयार आवाजांचे संच, सगळ्यांना सारखेच मिळतात आणि चांगलं मिक्सिंग आता घरबसल्या शिकता येतं. नुसतं मोठं वाजूनही भागत नाही. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसवर (हे आवाजाच्या मोठेपणाचं माप) आणून ठेवतं, म्हणजे कुणी कितीही दाबून मास्टर केलं तरी ऐकणाऱ्यापर्यंत पोचतं ते एकाच पातळीत.

यावर मला मिळणारा सल्ला ठरलेला असतो. रील्स टाक, फोटो नीट काढून घे, आणि गोव्याची आहेस तर थोडं घुमट, म्हणजे आपलं मडक्याचं तालवाद्य, घाल. पहिल्या दोन गोष्टींचं मला वावडं नाही, पण त्या ट्रॅक झाल्यावरच्या. तिसऱ्या सल्ल्यावर मात्र मी बरेच दिवस विचार करतेय. तयार बीटवर कोथिंबीर भुरभुरावी तसं घुमट घातलेले ट्रॅक मी ऐकलेत. आवाज ओळखीचा, चाल मात्र परकीच राहते. घुमट काय बोलतंय याकडे कुणी कान दिलेला नसतो.

म्हणून चवथीच्या दिवसांत मामाकडे गेले तेव्हा मायक्रोफोन घेऊनच गेले. मामाचं घर इथेच, फोंडा महालात. तो आरतीला घुमट वाजवतो आणि त्याच्या बोटांना जे येतं ते सांगायला त्याला शब्द लागत नाहीत. हवा इतकी दमट होती की कातडं सैल पडलेलं; आधी त्याने चुलीजवळ धरून ते शेकलं. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. त्यावर बंदी आहे, आता बकऱ्याचं लावतात. मडक्याला दोन तोंडं असतात, मोठ्या तोंडावर कातडं ताणलेलं आणि मागचं लहान तोंड उघडं. उजव्या हाताची बोटं कातड्यावर चालतात आणि डावा तळवा मागचं तोंड झाकतो, उघडतो. सगळी जादू त्या तळव्यात आहे. तोंड अर्धवट झाकलं की ‘घूं’ खाली सरकतो, हात उचलला की वर उसळतो. मी एक मायक्रोफोन कातड्यासमोर ठेवला आणि दुसरा मागच्या तोंडाशी, तळव्यापासून वीतभर अंतरावर. हेडफोनमध्ये फक्त मागचा चॅनल लावला आणि अंगावर काटा आला. ८०८ या ड्रम मशीनच्या बेसला आम्ही ग्लाइड लावतो, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत नेतो, नेमकं ते समोरचं मातीचं मडकं करत होतं, आणि प्रत्येक वेळी थोडं वेगळं.

मग मी मामाला माझा ट्रॅक ऐकवला. त्याने डोळे मिटून पूर्ण ऐकला. कौतुक केलं, मान डोलावली आणि विचारलं, “अगो, हा वाजवणारा श्वास कधी घेतो?”

हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

मशीनला श्वास लागत नाही. आमचं सगळं काम ग्रिडवर, म्हणजे पडद्यावर वेळेच्या सारख्या अंतराने आखलेल्या रेघांवर, चालतं. १२० बीपीएमला चार ठोक्यांच्या बारचा सोळावा भाग १२५ मिलिसेकंदांचा, पहिल्या सेकंदाला तेवढाच आणि सहाव्या मिनिटालाही तेवढाच. मला ते आवडतं, त्या न दमणाऱ्या ठोक्यातच नाचणाऱ्याला झिंग चढते आणि ती मला गमवायची नाही. पण मामाचं वादन एबलटन या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून बघितलं तर त्याचे ठोके ग्रिडच्या रेघांवर बसतच नाहीत. जोरकस ‘घूं’च्या आधी तो किंचित थांबतो, नंतरचे बारीक ठोके जवळजवळ घेतो, आणि अख्खी आरती सावकाश सुरू होऊन शेवटाकडे चढत जाते. चढ असा की कुणी वेग वाढवला असं वाटतच नाही. शेवटी शामेळ हे चर्मवाद्य आणि कासाळे हे धातूचे टाळ टिपेला पोचतात, गाणाऱ्यांच्या गळ्यातल्या शिरा फुगतात, तेव्हा लक्षात येतं की आपण कुठून कुठे आलो.

आधी मी त्या रेकॉर्डिंगमधून फक्त ग्रूव्ह काढून घेतला, म्हणजे ठोक्यांचं पुढेमागे होणं आणि कमीजास्त जोर, आणि तो माझ्या हायहॅटला, म्हणजे झांजेच्या बारीक ठोक्यांना, लावला. किक जागेवर ठेवली. घुमटाचा एकही आवाज ट्रॅकमध्ये नाही, तरी घरात आई म्हणाली, “आरतीसारखं काहीतरी वाजतंय.” तेव्हा मला वाट दिसली. मग टेम्पोला हात घातला. १२२वरून सुरुवात, मधल्या साडेतीन मिनिटांत हळूहळू चढत १३४. ब्रेकडाउन, म्हणजे मधे ठोका थांबवून घेतलेला विसावा, काढूनच टाकला. आरतीत तो नसतो, चढायला लागली की ती माघारी येत नाही.

डीजे मित्राने ऐकून लगेच सांगितलं की मिक्स करता येणार नाही. त्याचं म्हणणं बरोबर आहे. दोन ट्रॅकचे ठोके जुळवून एकातून दुसऱ्यात जायचं तर दोन्हींचा वेग ठरलेला हवा. पण ही अट आपल्याच किनाऱ्यावर कायमची कधी होती? उन्हात आणि दमट हवेत विनाइल तबकड्या वाकायच्या, म्हणून हणजूणच्या जुन्या पार्ट्यांत आधी कॅसेट आणि नव्वदच्या दशकात डॅट, म्हणजे डिजिटल टेप, वाजायच्या. डॅटवर वेग जुळवायची धड सोय नव्हती. म्हणून ट्रॅकच्या दोन्ही टोकांना ठोका नसलेला लांब भाग ठेवत आणि एकाचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडात विरघळवत. २०२३ मध्ये वारलेले डीजे गोवा गिल अशाच डॅटवर चोवीस-चोवीस तासांचे सेट वाजवायचे. ज्या संगीताला जग गोवा ट्रान्स म्हणतं त्याच्या बांधणीत इथली हवा आहे. एक गैरसोय होती, तिच्यातून शैली उभी राहिली. मला हे फार धीर देतं.

चरणजित सिंगही हल्ली वारंवार आठवतात. मुंबईच्या सिनेसंगीतात वाजवणारा हा वादक १९८२ साली रोलंड कंपनीची टीबी-३०३ ही बेस मशीन आणि टीआर-८०८ घेऊन बसला आणि डिस्कोच्या ठोक्यावर दहा रागांची तबकडी करून गेला. ३०३ बनवली होती बेस गिटारवाल्याची उणीव भरून काढायला. तिच्या घसरत्या सुरांत त्याला मींड सापडली. शिकागोत त्याच मशीनमधून अ‍ॅसिड हाउस ही नाचाच्या संगीताची शैली निघायला अजून काही वर्षं होती. तबकडी तेव्हा फारशी खपली नाही, २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगाने कान टवकारले. मशीन त्याच्या हातात नवी होती, राग जुनेच, बोटांत मुरलेले. माझ्या बोटांत काय मुरलंय, हा प्रश्न मी स्वतःला विचारते तेव्हा उत्तर सिंथेसायझरच्या प्रीसेटमध्ये, म्हणजे आधीच भरून ठेवलेल्या आवाजांत, सापडत नाही. ते भजनाच्या टाळांत सापडतं, शिगम्याच्या ढोल-ताशांत सापडतं, मामाच्या ओसरीवर सापडतं.

गोव्यात लयीचा विषय निघाला की खाप्रूमामा पर्वतकरांचं नाव येणारच. दोन हातांनी दोन ताल, पायांनी तिसरा, शिवाय तोंडाने आणखी एक, अशी त्यांची ख्याती. लयब्रह्मभास्कर म्हणत त्यांना. त्यांच्या पासंगाला पुरायची आकांक्षा कुणी धरू नये, पण त्या वाटेने चार पावलं चालता येतात. किक चारात चालू ठेवून टाळीचा आवाज मी रूपकाच्या सात मात्रांत टाकला. दोघं समेवर भेटतात ते थेट अठ्ठावीस मात्रांनी, सात बार संपल्यावर. मधल्या वेळात ऐकणाऱ्याचा पाय किकबरोबर आणि कान टाळीबरोबर, अशी ओढाताण होते आणि सम आली की छातीत काहीतरी सुटतं. यासाठी एकही प्लगइन विकत घ्यावं लागलं नाही.

२०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली, त्याचा मला आनंदच आहे. पण वाद्य जगतं वाजवण्याने, आणि माझ्या पिढीला वाजवायला लॅपटॉप मिळालाय. त्यातून मामाच्या हातातला तो थांबा ऐकू आला तर मला हवं ते मिळालं.

आज संध्याकाळी डीजे मित्राचा मेसेज आला: टेम्पो स्थिर असलेलं व्हर्जन दे, पहिल्याच आठवड्यात वाजवतो. मोह झाला. पहिला आठवडा, भरलेला फ्लोअर, आणि रात्री दहाच्या आत सगळं संपवायचं असल्यामुळे सूर्यास्तापासूनच जमलेले लोक. पण चढ काढला तर त्या ट्रॅकमध्ये माझं काय उरलं? मी नाही म्हटलं आणि दुसरा उपाय सुचवला. सुरुवातीचे ३२ बार १२२वर स्थिर ठेवलेत आणि शेवटचे ३२ बार १३४वर. आत यायला जागा आहे, बाहेर पडायलाही आहे. सेट संथातून द्रुतात न्यायचा असेल तिथे हा ट्रॅक लावायचा, मधली चढण त्याची तो चढेल. फाइल पाठवली आहे. त्याने अजून उघडलेली दिसत नाही.

उद्या कासाळे रेकॉर्ड करायचे आहेत. परवाच्या प्रयत्नात मायक्रोफोन फार जवळ होता, वरची पट्टी कानात टोचते आणि मागचा नाद हातीच लागत नाही. मामा सातनंतर मोकळा आहे. ओसरीऐवजी अंगणात बसवेन आणि मायक्रोफोन पाच-सहा फूट मागे नेईन. पाऊस आला तर कौलांवरचा आवाजही येईल, येऊ दे.