मुंबईच्या गॅलरीतला मोगरा

मुंबईत मार्च ते जून हे मोगऱ्याचे दिवस. दादरच्या फुलबाजारात विक्रमगड-जव्हारकडचा मोगरा पहाटेच येऊन पडतो, गजरे सिग्नलवरही मिळतात. तरी घरची कळी ती घरचीच. संध्याकाळी पाचला खुडलेली कळी जेवणं होईपर्यंत डोळ्यांसमोर उमलते आणि वास साऱ्या घरात फिरतो. त्यासाठी मोठी बाग लागत नाही. गॅलरीत पाच-सहा तास थेट ऊन येत असेल तर तीन कुंड्या पुरेत. ऊन तेवढं नसेल तर मात्र मोगऱ्याच्या वाटेला जाऊ नये. सावलीत तो पानं भरपूर देतो, कळी देत नाही.

आधी जात ठरवा. बट मोगऱ्याची कळी गोल, गच्च पाकळ्यांची. दिसायला सुरेख, पण गजऱ्यात ओवायला जड. मदनबाणाची कळी लांब आणि टोकदार, गजऱ्यासाठी तीच बरी. रोप घेताना एकदोन कळ्या लागलेलं घ्यावं, म्हणजे जात डोळ्यांनी पाहून घेता येते.

कुंडी निदान 12 इंची हवी, शक्यतो मातीची. आपल्याकडे हवा दमट, त्यामुळे प्लॅस्टिकच्या कुंडीत तळची माती दिवसेंदिवस ओली राहते आणि मुळं कुजतात. लाल माती चार भाग, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत तीन भाग, जाड वाळू दोन भाग आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक भाग, वर मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटचा हात आखडताच ठेवा. कोरड्या हवेच्या गावात ते जास्त चालतं, इथे पाणी धरून बसतं.

आता खरा मुद्दा. “झाड हिरवंगार आहे, पण फूल नाही” ही तक्रार बहुतेक छाटणी न केल्याची असते. मोगऱ्याला कळी येते ती नव्या फुटीच्या शेंड्याला. जुन्या काड्या तशाच ठेवल्या तर नवी फूट थोडी आणि कळ्या त्याहून थोड्या. म्हणून जानेवारीच्या शेवटी आठ-दहा दिवस पाणी कमी करून झाडाला ताण द्यायचा, मग धारदार कात्रीने प्रत्येक फांदी अर्ध्यावर, डोळ्याच्या (फांदीवर जिथून नवी फूट येते त्या जागेच्या) जरा वर कापायची. उरलेली पानंही खुडून टाकायची. झाड उघडंबोडकं दिसतं, घाबरू नका. वरची दोन इंच माती हलवून दोन मुठी गांडूळखत आणि एक मूठ हाडांचा चुरा घाला, मग भरपूर पाणी. दहा-पंधरा दिवसांत फूट दिसते आणि साधारण सहा आठवड्यांत पहिला बहर. बहर ओसरला की फुलं येऊन गेलेल्या शेंड्यांची दोन-दोन पेरं पुन्हा छाटायची, म्हणजे मेअखेरपर्यंत आणखी एक-दोन बहर मिळतात. युरिया टाकण्याचा मोह टाळा. तो सगळा पानांत जातो. चहाचा चोथा घालायचाच तर धुऊन, वाळवून घाला. साखरेचा अंश राहिला की मुंग्या येतात, आणि त्यांच्यामागोमाग पिठ्या ढेकूण, म्हणजे कापसासारखी दिसणारी पांढरी कीड.

पाणी सकाळी आठच्या आत. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा. कोरडं लागलं तरच घाला, आणि घालाल तेव्हा तळातून पाणी निघेपर्यंत. 12 इंची कुंडीला मे महिन्यात रोज एक-दीड लिटर लागतं. दुपारी दोनला पानं मान टाकतात, ते पाहून लगेच तांब्या उचलू नका. माती ओली असेल आणि सहा वाजता पानं पुन्हा ताठ झाली तर तो फक्त उन्हाचा परिणाम. ओल्या मातीत रोज दुपारी पाणी घातलं की मुळं गुदमरतात, पानं मग खरोखरच सुकतात, आणि माणूस आणखी पाणी घालतो! कुंडीखालची ताटली दर आठवड्याला पालथी करून कोरडी करा. डेंग्यूचे डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतात.

समुद्रासमोरच्या इमारतींना एक जादा त्रास असतो. दुपारनंतर पश्चिमेचा खारा वारा सुटतो, पानांवर मीठ बसतं आणि कडा तपकिरी पडतात. दोन-तीन दिवसांनी सकाळी पानं साध्या पाण्याने धुवा, कठड्यापासून कुंडी हातभर आत घ्या. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर मातीवर पांढरी पापडी धरते, नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. हे लोह न मिळाल्याचं लक्षण. महिन्यातून एकदा साठवलेलं गोडं पाणी तीन-चार वेळा सलग घालून माती धुऊन काढा.

कळी जांभळट पडून गळत असेल तर ती नखाने फोडून पाहा. आत बारीक अळी सापडेल. अशा कळ्या वेचून फेकून द्यायच्या, कुंडीत पडू द्यायच्या नाहीत. मग लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि चार थेंब पातळ साबण घालून सूर्य उतरल्यावर फवारा. उन्हात फवारलं की पानं करपतात.

खुडणीचं काम मुलांना द्या. कळी टपोरी आणि पांढरी शुभ्र झालेली, पण तोंड मिटलेलं, अशी हवी. हिरवट कळी उमलत नाही. संध्याकाळी पाचच्या सुमारास, देठासकट. वीतभर गजऱ्याला चाळीस-पंचेचाळीस कळ्या लागतात आणि एका कुंडीत रोज दहा-पंधरा निघतात, म्हणून तीन कुंड्या. तरी कमी पडल्या तर आजच्या कळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा, उद्याच्यांत मिसळा.

गाठ मात्र आजीकडून शिकावी, कारण ती बघूनच येते. दोरा डाव्या पायाच्या अंगठ्याला अडकवून ताणायचा. एक कळी डावीकडे तोंड करून, एक उजवीकडे, दोन्हींचे देठ दोऱ्यावर एकमेकांना ओलांडून ठेवायचे. मोकळ्या टोकाचा देठांभोवती एक वेढा, मग बोटावर फास घेऊन तो देठांवरून सरकवायचा आणि ओढायचा. फार ओढलं तर देठ तुटतो, सैल राहिलं तर कळी घरंगळते. केळीच्या सोपटाचा ओला धागा मिळाला तर उत्तमच; तो सुती दोऱ्यासारखा देठ कापत नाही.

फवारणी न केलेल्या झाडाच्या चार कळ्या धुऊन रात्री माठात सोडा आणि सकाळी काढून टाका. जास्त वेळ ठेवल्या तर पाण्याला कडवट वास लागतो. वाळ्याची जुडी घालत असाल तर ती तीन-चार दिवसांनी काढून उन्हात खडखडीत वाळवा. बुळबुळीत लागली की फेकायची.

याच दिवसांत लालबुड्या बुलबुल कुंडीतल्या दाट फांद्यांत वाटीएवढं घरटं बांधतो. अंडी दिसली की ती कुंडी हलवू नका, छाटू नका, फवारू नका. पाणी बुंध्याशी अलगद घाला. दोन आठवडे उबवणं आणि जवळपास तितकेच दिवस पिल्लांचे, म्हणजे एक बहर गेला असं धरून चाला. मुलांनी दाराच्या काचेआडून बघावं. जवळ गर्दी झाली की कावळ्यालाही घरट्याचा पत्ता लागतो. पक्ष्यांना पाण्यासाठी कठड्यावर मातीची, दोन इंच खोल पसरट थाळी ठेवा, मध्ये एक दगड, पाणी रोज बदललेलं.

पाऊस मुंबईत 11 जूनच्या आसपास येतो. तो रुळला की नवी रोपं करायला पेन्सिलीएवढ्या जाड, तीन डोळ्यांच्या काड्या कापा. खालची पानं काढा, वरची दोन अर्धी कापा आणि ओल्या वाळूत दोन डोळे बुडतील अशा तिरप्या खोचा. कुंडी वळचणीला ठेवा, पागोळ्यांखाली नको. पाच-सहा आठवड्यांनी काडी हलकेच ओढून बघायची. हाताला अडली तर मुळं धरली.