साडेबाराचा चौकोन

आमच्या घरचं कॅलेंडर स्वयंपाकघरात, तिखट-मिठाच्या फळीशेजारी लटकलेलं असतं. त्यावर लिहायचा हक्क एकट्या वहिनीचा. दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, बचत गटाचा हप्ता, गाय भरवल्याचा दिवस, कोणाला किती पायल्या गहू उसने दिले. सगळा कारभार त्या चौकोनांत मावतो. परवा दुपारी पाणी प्यायला उठलो तर जूनचं पान आधीच पुढे आणलेलं, आणि त्यावर हिरव्या पेनानं कोणीतरी घुसखोरी केलेली. १३ तारखेला वहिनीच्या अक्षरात ‘जावई जेवायला’ आहे. यंदा अधिक ज्येष्ठ, तो १५ जूनला संपतो, आणि धोंड्याचं जेवण अजून व्हायचंय. आणि १७ तारखेला हिरव्या शाईत: ‘अर्जें.–अल्जे. स. ६॥’. म्हणजे फुटबॉल वर्ल्डकपातली अर्जेंटिना–अल्जेरिया मॅच, सकाळी साडेसहाला.

पुतण्याचं काम. यवतमाळला खोली करून बी.एस्सी. करतो, समरचे पेपर चालू आहेत, दोन पेपरांच्या मधल्या सुटीत गावाला आला आणि अभ्यासाच्या नावाखाली हा उद्योग करून बसला. ११ तारखेच्या चौकोनात ‘मेक्सिको–द. आफ्रिका रा. १२॥’ लिहिलेलं, मग खोडलेलं, मग बारा तारखेत लिहिलेलं, तेही खोडलेलं, आणि शेवटी बाण काढून पुन्हा अकरात आणून सोडलेलं. मी विचारलं तेव्हा कळलं की या बाणामागे मायलेकात चांगलीच जुंपली होती.

वहिनीचं म्हणणं, “अकरा तारखेची रात्र ना? मंग अकरातच लेह्य. दिवस निंघाल्याबिगर बारा तारीख कशी लागन?”

“मोबाईलवर बारा दाखवते ना पण!”

“दाखवते त दाखवू दे. मी एकादशी काय मोबाईल पाहून धरतो का?”

पंचांगाच्या हिशोबानं वहिनी बरोबर. सूर्य उगवल्याशिवाय आपल्याकडे दिवस बदलत नाही. मला तर हाच हिशोब सोयीचा वाटतो. रात्री साडेबाराची मॅच बघणारा माणूस उद्याच्या दिवसातला कधीच नसतो. तो आजचाच दिवस ताणत बसलेला असतो. एकदा झोप लागली की तारीख बदलली.

तर वर्ल्डकप आला. ४८ संघ, १०४ सामने, अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको मिळून. म्हणजे आमच्याकडे रात्रीचे साडेबारा, पहाटेचे साडेतीन, सकाळचे साडेसहा. आता शहरातल्या लोकांची ओरड ऐकू येईल: ऑफिस कसं करायचं, परीक्षा कशी द्यायची, झोपायचं कधी. मला या ओरडीची मजा वाटते. खेड्यात रात्रभर झोपतं कोण? ज्याच्या शेतात रोही, म्हणजे नीलगाई, आणि डुकरं येतात तो जागलीला माळ्यावर असतो. ज्याच्या फिडरला, म्हणजे शेताच्या वीजवाहिनीला, रात्रीची लाईन आहे तो विहिरीवर असतो. पोलीस भरतीची पोट्टी चार वाजता डांबरी रोडवर धावायला निघतात, त्याच सुमाराला दूधवाला कॅना बांधत असतो. जाग आधीपासूनच आहे, मॅच फक्त तिच्यात येऊन बसते.

अर्थात माझ्या लहानपणी असं नव्हतं. तेव्हा गाव नऊ वाजता झोपायचं, आणि जूनमध्ये तर अंगणातच. ओळीनं बाजा टाकलेल्या, उशाशी पाण्याचा गडवा, आणि उकाडा असा की चादर पांघरायची ती फक्त डासांसाठी. गावात टीव्ही दोन. त्यातला एक गुरुजींकडे, काळा-पांढरा, लाकडी शटरचा. गुरुजी मूळचे कामठीचे. कामठीचा माणूस म्हणजे फुटबॉलचं वेड बरोबर घेऊनच आलेला. आम्ही पोट्टे चिंध्यांचा चेंडू आंब्याच्या झाडाखाली लाथाडायचो, तेव्हा गुरुजी रस्त्यानं जाताना थांबून, “पायाच्या पंज्यानं नाही रे, बाजूनं मार, बाजूनं,” असं सांगायचे. गणितात मात्र याच पायाची भीती वाटायची.

८ जून १९९०. इटलीतला वर्ल्डकप, पहिलीच मॅच, अर्जेंटिना आणि कॅमेरून. आपल्याकडे रात्री साडेनऊ. गुरुजींनी आम्हा चार-पाच जणांना बोलावलं होतं, पण एका अटीवर. गुरुजींची माय छपरीतच बाजेवर झोपलेली, तिला दम्याचा त्रास, एकदा झोपमोड झाली की रात्रभर खोकायची. म्हणून टीव्हीचा आवाज बंद. आमचाही बंद. गुरुजींनी आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि ओठांवर बोट ठेवून आम्हाला सतरंजीवर बसवलं.

मॅराडोना कसा दिसतो ते आम्हाला वर्तमानपत्रातल्या फोटोवरून माहीत होतं. १९८६ सालच्या कपासोबतचा फोटो. तो जिंकणारच, यात काही बघण्यासारखं नाही असंच वाटत होतं. आणि कॅमेरूनची माणसं त्याला पाडत होती. नुसती पाडत होती. दुसऱ्या हाफमध्ये त्यांचा एक गडी बाहेर काढला, दहा उरले, आणि थोड्याच वेळात ओमाम-बियिक हवेत असा उंच गेला की पडद्याच्या वरच्या कडेला टेकतो की काय. हेडर काही फार जोराचा नव्हता. चेंडू अर्जेंटिनाच्या गोलकीपरच्या, पुम्पिदोच्या हाताखालून, गुडघ्याजवळून घसरत आत गेला. गोल! गुरुजींनी खांद्यावरचा दुपट्टा तोंडात कोंबला. माझ्या शेजारचा सतरंजीवर उपडा पडून पाय झाडत होता. मी स्वतःच्याच दंडाला चावलो. म्हातारीच्या घोरण्याशिवाय घरात दुसरा आवाज नाही.

शेवटी शेवटी अर्जेंटिनाचा कानिजिया पळत सुटला, एकानं पाडायचा प्रयत्न केला, दुसऱ्यानं केला, आणि तिसऱ्या मासिंगनं त्याला असा काही उडवला की मासिंगच्याच पायातला बूट निघून गेला. त्यालाही बाहेर काढलं. नऊ जणांनी मॅच जिंकली, एक शून्य. त्या बुटावर आम्ही इतके हसलो, आणि तेही आवाज न करता, की पोटात दुखायला लागलं. बाहेर आलो तेव्हा अंगणभर माणसं झोपलेली होती आणि जगात काय झालं ते त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. सकाळी आईला सांगितलं, मॅराडोना हरला. ती म्हणाली, “कोन गावचा?”

कॅमेरूनचा शर्ट हिरवा असतो हे मला पुढे कधीतरी कळलं. माझ्या डोक्यात ते अजून राखाडीच आहेत.

या सगळ्याचा माझ्यावर झालेला एकच कायमचा परिणाम म्हणजे मी आजही आवाज बंद करूनच मॅच बघतो. घरात मोठा टीव्ही आहे, म्हातारं माणूस दम्यानं खोकत नाही, कोणाची अडचण नाही. पण कॉमेंट्री लागली की मला चेंडूच दिसेनासा होतो. सगळं तो माणूसच सांगतो, मग मी कशाला बसलोय? पुतण्याला याचा भयंकर राग. “काका, स्टेडियमचा आवाज तरी राहू द्या ना!” नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या २०१० च्या वर्ल्डकपात त्या वुवुझेला नावाच्या पिपाण्यांनी अख्खी दुनिया त्रासली म्हणतात. मी ती पिपाणी एकदाही ऐकलेली नाही. आणि गोल झाला की अजूनही माझा हात आधी तोंडावर जातो.

नोकरीवाल्याचे हाल व्हायचे ते दिवसाच्या मॅचेसनी. २००२ साली जपान-कोरियात वर्ल्डकप होता, म्हणजे आपल्याकडे भरदुपारी. मी तालुक्याच्या ऑफिसात नवा नवा चिकटलेलो. समोरच्या पानठेल्यावर छोटा टीव्ही. ब्राझील आणि इंग्लंडची क्वार्टर फायनल बाराला सुरू झाली, आणि मी कुठल्याशा फायलीची झेरॉक्स काढायला म्हणून बाहेर पडलो. ठेल्यावर खर्रा घोटणं चालू, माणसांची दाटी, आणि त्या दाटीत पुढच्या रांगेत आमचे साहेब. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं, आणि दोघांनीही एकमेकांना न ओळखण्याचं ठरवलं. तेवढ्यात ब्राझीलच्या रोनाल्डिन्होनं लांबून, पार उजव्या बाजूनं, फ्री किक मारली. तो क्रॉस होता की गोलवरच मारलेली किक, यावर अजून वाद आहेत. ती इंग्लंडचा गोलकीपर सीमनच्या डोक्यावरून जाळीत उतरली. साहेबांनी ‘आई शप्पथ’ म्हणून माझाच खांदा दाबला. त्यानंतर साहेब मला ऑफिसात अहो-जाहो करायला लागले, कशामुळे ते देव जाणे.

२०२२ चा कतारचा वर्ल्डकप मात्र शेतकऱ्यांच्या मुळावरच आला होता. नोव्हेंबर-डिसेंबर. इकडे कापूस फुटलेला, तिकडे गव्हाला पाणी, आणि पुतण्याचे विंटरचे पेपर तोंडावर. त्या वर्षी मोबाईलवर मॅच फुकट दिसत होती, हे आणखी एक संकट. अर्जेंटिना-सौदी मॅच दुपारी साडेतीनला. पुतण्या शेतात, कापसाच्या गाठोड्याला मोबाईल टेकवून बसलेला. पहिल्या हाफमध्ये मेस्सीचा पेनल्टीवर गोल, मग ऑफसाईडमध्ये गेलेले तीन, सगळं मजेत चाललेलं. दुसरा हाफ सुरू झाला आणि इकडे वेचणाऱ्या बाया ओट्यांतला कापूस आणून मोजायला उभ्या राहिल्या. काटा पुतण्याच्या हातात, डोळे मोबाईलवर. आणि सौदीनं पाच मिनिटांत दोन गोल घातले.

“ए पोट्ट्या, माह्ये तेरा किलो भरले ना? अकरा कावून लेह्यले?”

“थांबा ना काकू, दोन झाले, दोन!”

“दोनच कमी लेह्यले तुनं, तेच त म्हनतो मी!”

शेवटी दादानं काटा हातात घेतला आणि सगळ्यांचा कापूस पुन्हा मोजला. अंधार पडेस्तोवर मोजणं चाललं. अर्जेंटिना हरल्याचं दुःख त्या दिवशी पुतण्यापेक्षा काकूला जास्त झालेलं दिसलं. “त्याच्याच पायी माह्ये दोन किलो चालले होते,” म्हणाली.

पुढे तोच अर्जेंटिना फायनलला आला, समोर फ्रान्स. १८ डिसेंबर, रविवार, रात्री साडेआठ. आणि आमच्या फिडरला त्या आठवड्यात रात्री दहाची लाईन. विहिरीखालच्या गव्हाला पाण्याची पाळी आलेली, दादाला ताप, म्हणजे पुतण्या शेतात. नेटवर्क फक्त विहिरीच्या थारोळ्यापाशी, मोटारीचं पाणी पडतं त्या हौदाशी. अर्जेंटिनाचं दोन-शून्य झालेलं, दहा वाजलेले, लाईन आली, मोटार सुरू झाली, आणि आता काय उरलंय म्हणून मोबाईल थारोळ्यावर ठेवून हा टॉर्च-फावडं घेऊन पाणी फोडायला वाफ्यात गेला. डिसेंबरची थंडी, पिंढरीपर्यंत चिखल. परत आला तो दोन-दोन. फ्रान्सच्या एमबापेनं दीड-दोन मिनिटांत दोन घातले होते. मला लगेच फोन, “काका, हे कसं झालं?” मी टीव्हीसमोर बसून सगळं पाहिलेलं, आणि मला सांगताच येईना. पेनल्टी, मग एक व्हॉली... शब्दांत ते काहीच वाटत नव्हतं.

पुढची मॅच त्यानं कशी पाहिली ते त्याचं त्याला माहीत. एक वाफा भरेपर्यंत थारोळ्यावर, मग पळत जाऊन पाणी दुसऱ्यात, मग पुन्हा थारोळ्यावर. मेस्सीनं तीन-दोन केलं, एमबापेनं तीन-तीन. पेनल्टी शूटआउटला त्यानं गव्हाला सोडचिठ्ठी दिली. एक वाफा फुटून पाणी शेजाऱ्याच्या हरभऱ्यात गेलं, त्यावरून सकाळी भांडण झालं ते झालंच. शेजारीही अर्जेंटिनावाला निघाला म्हणून ते चहावर मिटलं. हे पाणी दिवसा का सोडत नाहीत, हा प्रश्न विदर्भातला प्रत्येक शेतकरी वर्षानुवर्षं विचारतोय. रात्री वाफ्यात साप असतो, पेटीत करंट असतो. फुटबॉलच्या लेखात हे कशाला, असं कोणी म्हणेल. पण त्या रात्री तो पोट्टा अनवाणी होता आणि चप्पल घातलीस का, हे मी फोनवर एकदाही विचारलं नाही. मी विचारलं, “चार्जिंग आहे ना?”

यंदा निदान पाण्याच्या पाळ्या नाहीत. आमच्याकडे शाळाही बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, ऊन उतरायची वाट पाहत, त्यामुळे पहिल्या फेरीचे बरेचसे सामने पोरांना सुटीतच सापडतील. पुतण्याचा खोलीवरचा पार्टनर गडचिरोलीकडचा, मुलचेऱ्याजवळच्या बंगाली गावातला. त्याच्याकडे म्हणे फुटबॉल म्हणजे सणच, आणि एका घरात ब्राझील तर चुलत्याच्या घरात अर्जेंटिना. तो वर्ल्डकपला आमच्या गावी राहायला येणार आहे. वहिनीनं ते ऐकून घेतलं आणि कॅलेंडरवर काहीच लिहिलं नाही, म्हणजे तिला मंजूर आहे.

अडचण निराळीच आहे. ११ जून ते १९ जुलै म्हणजे मृगापासून पुढे पेरणीचे नेमके दिवस. सरकी मृगात पडली तर ठीक, नाहीतर आर्द्रात. पहिल्या सरीला भुलून पेरावं आणि मग आभाळानं तोंड फिरवावं, हे आमच्याकडे कोणालाच नवीन नाही. दुबार पेरणी आली की बियाण्याच्या बॅगा पुन्हा उधारीवर, आणि तेव्हा रात्री साडेबाराला घरातली सगळी माणसं जागी असतात, पण टीव्ही लावायचं कोणाच्या डोक्यात येत नाही.

दादा संध्याकाळी वावरातून आला, हातपाय धुतले, कॅलेंडरपाशी उभा राहून हिरवी अक्षरं वाचली. फायनल कधी आहे, विचारलं. एकोणीस जुलैच्या रात्री, पुतण्या म्हणाला. आणि घाईनं पुढे, “म्हणजे वीसला. म्हणजे आईच्या हिशोबानं एकोणीसलाच.”

“तवरिक डवरे चालू झाले पायजे,” दादा म्हणाला, आणि चहा मागितला.