इंजिनरूममधून ओझरच्या हँगरमध्ये : माझा अनुभव

नौदलात १५ वर्षं भरली की पेन्शन लागते आणि घरात विचारणा सुरू होते, आता पुढे काय? आमच्या निफाड-दिंडोरी पट्ट्यात याची दोन उत्तरं ठरलेली असतात. एकतर द्राक्षबाग बघायची, नाहीतर कुठेतरी सिक्युरिटीत लागायचं. मला दोन्ही करायचं नव्हतं. मी गॅस टर्बाइनवर काम केलेला माणूस. शेवटची बरीच वर्षं 'आयएनएस रणजित'च्या इंजिनरूममध्ये गेली, आणि त्या जहाजाला चार गॅस टर्बाइन होत्या. घराजवळ ओझर. तिथे १९६४ साली मिग-२१ या लढाऊ विमानासाठी कारखाना उभा राहिला, म्हणून आजही आमच्याकडे एचएएलमध्ये, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये असलेल्या माणसाला 'मिगमध्ये कामाला आहे' असंच म्हणतात. टर्बाइन जहाजात असो की विमानात, हवा दाबायची, इंधन जाळायचं, चाक फिरवायचं, हे तेच. मग आपण तिथे का जाऊ नये?

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, कारण नौदलातली मुलं फोन करून पहिलं तेच विचारतात. जाहिरातीत आयटीआय किंवा डिप्लोमा मागतात, आणि आपल्याकडे असतात लोणावळ्याच्या 'आयएनएस शिवाजी' या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रातल्या कोर्सचे दाखले. ते आयटीआयच्या कोणत्या ट्रेडच्या बरोबरीचे, याचा समकक्षता दाखला सुटायच्या आधी, युनिटमध्ये असतानाच हातात घ्या. बाहेर पडल्यावर हे काम फार रेंगाळतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करून माजी सैनिकाचं ओळखपत्र काढा. वयाची धास्ती नको. गट 'क'च्या पदांसाठी वयातून सेवेची वर्षं वजा होतात, वर ३ वर्षांची सूट मिळते. केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांत या गटात माजी सैनिकांसाठी १४.५ टक्के जागा राखीव असतात.

एचएएलच्या मुलाखतीत एकाने विचारलं, जहाजावर कॉम्प्रेसर, म्हणजे टर्बाइनचा हवा दाबणारा भाग, गोड्या पाण्याने का धुता? हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा. समुद्रावरच्या हवेत मीठ असतं. कितीही फिल्टर लावले तरी थोडं आत येतंच आणि पात्यांवर बसतं. पात्यांचा आकार बिघडला की हवा नीट पुढे सरकत नाही, तापमान चढतं, आणि फार झालं तर हवा उलटी मारते, म्हणजे सर्ज. मुलाखत घेणारे अर्धा तास मिठावरच बोलत राहिले. एअरफ्रेमचं, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचं काम आणि मीठ यांचा इतका जवळचा संबंध आहे, हे मला पुढे हँगरमध्ये कळलं.

ओव्हरहॉलला, म्हणजे पूर्ण उघडून तपासणी-दुरुस्तीला आलेलं सुखोई-३० हे लढाऊ विमान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते विमान वाटतच नव्हतं. इंजिनं उतरवलेली, पॅनल उघडलेली, रंग काढलेला, वायरिंगचे जुडगे मोकळे. प्रत्येक भाग आपापल्या शॉपला जातो, तपासून परत येतो. जहाजावर लोखंड गंजलं की लाल दिसतं, लांबूनही कळतं. विमानाचं अ‍ॅल्युमिनियम असं बोंबलून सांगत नाही. रिव्हेटच्या कडेला पांढरी भुकटी, रंगाखाली बारीक फुगवटा, पत्र्याच्या काठाला सुटलेले पापुद्रे, एवढंच. तंजावरला २०२० पासून सुखोईची स्क्वाड्रन आहे, ब्रह्मोस क्षेपणास्त्र घेऊन समुद्रावर जाण्यासाठी. किनाऱ्याजवळची ती हवा काय करते, ते मला कुणी शिकवावं लागलं नाही. स्टीलचा बोल्ट अ‍ॅल्युमिनियमला टेकला आणि मध्ये खारट ओल आली की अ‍ॅल्युमिनियम झिजतं. जहाजाच्या तळाला आम्ही जस्ताचे ठोकळे लावायचो, पोलादाऐवजी जस्त झिजावं म्हणून. विमानाला असे ठोकळे लावता येत नाहीत. तिथे प्रायमर आणि सीलंट लावून दोन धातू वेगळे ठेवतात. सीलंटचा थर तुटलेला कोपरा माझ्या नजरेला लवकर सापडतो, आणि हे देणं समुद्राचंच आहे.

अवघड गेलं ते दुसरंच. जहाजावर चार तासांचा वॉच, म्हणजे पाळी असायची. मशीन चालू आणि आम्ही तिच्या शेजारी. तासातासाला गेज वाचायचे, बेअरिंगच्या घरावर हात ठेवायचा, आवाज बदलला की मान वळायची. गळती दिसली की भर समुद्रात, हाताशी असेल त्या सामानाने ती थांबवायची. त्यातच आमची हुशारी होती. ओझरला आमच्या कामावर देखरेख करणारे चार्जमन होते, सगळे त्यांना नाना म्हणायचे. उमेदीची सगळी वर्षं मिग-२१ वर घालवलेला माणूस. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बाजूला घेतलं. "नेव्हीवाले, तुमचं इंजिन बिघडायचं तेव्हा तुम्ही तिथे असायचात. इथे विमान वर आणि आपण खाली. जे करायचं ते आत्ताच."

म्हणूनच इथे अंदाजाला जागा नाही. नट किती आवळायचा ते पुस्तकात लिहिलेलं, आणि टॉर्क रेंचने तेवढाच. वायर लॉकिंग, म्हणजे नट तारेने बांधणं, अशा दिशेने की नट सैल व्हायला लागला तर वायरने त्याला आवळायच्याच बाजूला ओढावं. शिफ्ट संपताना प्रत्येक पाना आपल्या खाचेत दिसला पाहिजे. एक जरी कमी असला तर तो सापडेपर्यंत विमान हलत नाही. केलेलं काम दुसरा तपासतो, त्याच्यावर तिसरा, आणि संरक्षण खात्याच्या गुणवत्ता तपासणीचे लोक वेगळेच. सुरुवातीला मला हा अविश्वास वाटायचा. मी हात लावलेलं विमान चाचणी उड्डाणाला निघालं, पायलट शिडी चढताना दिसला, आणि त्या सगळ्या सह्या कुणासाठी आहेत ते समजलं. त्याच्याबरोबर आमच्यापैकी कुणीच जाणार नव्हतं.

'रणजित' ६ मे २०१९ ला विशाखापट्टणमला निवृत्त झालं तेव्हा मला घास गेला नव्हता. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ चा निरोप झाला. त्या संध्याकाळी मी नानांच्या घरी गेलो. ते आता रिटायर आहेत. आम्ही दोघं फारसं बोललो नाही, पण मी आलो याचं त्यांना बरं वाटलं.

पुढच्याच महिन्यात, १७ ऑक्टोबरला, नाशिकला तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए हे लढाऊ विमान ओझरवरून उडालं. या विमानात कार्बन कंपोझिट, म्हणजे कार्बनचे तंतू रेझिनमध्ये बसवून केलेलं साहित्य, भरपूर आहे. कार्बन गंजत नाही, पण थेट अ‍ॅल्युमिनियमला टेकला तर ओल लागल्यावर अ‍ॅल्युमिनियमला खातो. म्हणून जोडाच्या मध्ये काचतंतूचा थर देतात, टायटॅनियमचे फास्टनर (बोल्ट, रिव्हेट) वापरतात. हे माझ्या आवडीचं प्रकरण आहे. माझं काम अजून सुखोईवरच आहे, पण ड्युटीनंतर सध्या मी याच जोडांचा अभ्यास करतोय.