बॅग उघडा

"ताई, बॅग उघडता का जरा?" सकाळी सीएसएमटीला लेडी कॉन्स्टेबलने थांबवलं, मी घाईत, मागचे एक काका तर चिडलेच, म्हणाले रोज बघता, सापडतं काय कधी? ती शांतपणे म्हणाली, "काही सापडू नये म्हणूनच बघतो ना काका."

दिवसभर तेच वाक्य डोक्यात. तिने डबा उचलून बघितला आणि परत जसाच्या तसा नीट ठेवला, मी मात्र साधं थँक्यूही न म्हणता लोकल पकडायला पळाले.

याच स्टेशनात २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ५० हून जास्त माणसं गेली, बरेचसे आपल्यासारखेच गाडीची वाट बघणारे. आणि त्याच रात्री गिरगाव चौपाटीला तुकाराम ओंबळेंनी कसाबची एके-४७ हाताने धरून ठेवली, स्वतःकडे फक्त लाठी, गोळ्या लागत होत्या तरी सोडली नाही. म्हणून तो जिवंत सापडला. अशोकचक्र मिळालं त्यांना, मरणोत्तर.

२६/११ ला आपण सगळेच स्टेटस ठेवतो, मीपण ठेवते. पण मशीनवर बॅग ठेवायला सांगितली की कपाळाला आठ्या का येतात आपल्या?

उद्या त्या ताई दिसल्या तर थांबून बोलणार आहे.