तेव्हा बघायला कोण होतं?

मी अग्निज खडक शिकवतो, त्यातही फार जुने. त्यामुळे एक प्रश्न मला सतत विचारला जातो. कुणी खऱ्या कुतूहलाने विचारतं, कुणी जरा खोचकपणे: "चार अब्ज वर्षांपूर्वी पृथ्वी अशी होती नि तशी होती, असं तुम्ही इतक्या ठामपणे सांगता. तेव्हा बघायला कोण होतं?"

प्रश्न अगदी रास्त आहे. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बघायला कुणी नव्हतं, पण खडक होते. शिलारस थंड होत असताना आधी कोणतं खनिज तयार होईल, त्याचे स्फटिक किती वाढतील, त्यांत कोणती मूलद्रव्यं शिरतील आणि कोणती बाहेर राहतील, हे सगळं तापमान, दाब, पाण्याचं प्रमाण आणि शिलारसाचं मूळ रसायन यांवर ठरतं. हे नियम आज प्रयोगशाळेच्या भट्टीत तपासता येतात, आणि ते तेव्हाही हेच होते. त्यामुळे खडकाची घडण नीट वाचली, तर तो कोणत्या परिस्थितीत गोठला हे मागे मागे जात शोधून काढता येतं.

माझा सगळ्यात आवडता साक्षीदार कोमाटिआइट, लाव्हा गोठून झालेला एक खडक. दक्षिण आफ्रिकेतल्या बार्बर्टन भागात कोमाटी नदीच्या परिसरातले हे खडक. मॉरिस आणि रिचर्ड विल्जोएन या भावांनी १९६९ साली त्यांचं वर्णन केलं आणि नदीवरून त्यांना नाव दिलं. वय जवळजवळ ३.५ अब्ज वर्षं. लांबून पाहिलात तर मळकट हिरवा-करडा दगड, थांबावंसंही वाटणार नाही. पण ऊनपावसाने झिजलेल्या पृष्ठभागाजवळ वाकून बघा. एकमेकांना छेदत गेलेली लांब, पातळ पाती दिसतात. काही बोटाएवढी, काही त्याहून बरीच लांब. प्रत्येक पातं म्हणजे एकेकाळचा ऑलिव्हीनचा, म्हणजे मॅग्नेशियम आणि लोह असलेल्या एका खनिजाचा, स्फटिक.

एरवी बेसाल्टमध्ये ऑलिव्हीन दिसतं ते टपोऱ्या कणांच्या रूपात. अशी लांबलचक पाती तयार व्हायची, तर लाव्हा इतका तापलेला हवा की त्यात स्फटिकाचा जवळजवळ कणही वितळायचा उरलेला नाही, आणि मग गोठताना स्फटिक भराभर वाढायला हवेत. या दगडाची ०.०३ मिलिमीटर जाडीची चकती करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, की आणखी एक गोष्ट कळते. बहुतेक ऑलिव्हीन पुढे पाण्याच्या संपर्काने बदलून सर्पेंटाइन हे दुसरं खनिज झालेलं असतं, पण पात्याचा आकार तसाच राहिलेला असतो. क्वचित एखाद्या पात्याच्या मधोमध मूळ ऑलिव्हीनचा तुकडा शाबूत असतो. ध्रुवित प्रकाशात तो निळ्या-गुलाबी रंगांनी असा उजळतो की कितीही वेळा पाहिलं तरी माझी नजर हटत नाही. त्या तुकड्यातलं मॅग्नेशियम आणि लोह मोजलं की तो ज्या लाव्हातून वाढला त्याचं रसायन काढता येतं, आणि रसायनावरून तापमान.

हे तापमान फार मोठं येतं. आजचा बेसाल्टचा लाव्हा साधारण ११०० ते १२०० अंश सेल्सिअसला बाहेर पडतो. कोमाटिआइटसाठी १६०० अंशांच्या आसपासचे आकडे निघतात. आजच्या बेसाल्टमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइड बहुधा १० टक्क्यांच्या आत असतं, तर कोमाटिआइटमध्ये ते १८ टक्क्यांहून जास्त असावंच लागतं. इतकं मॅग्नेशियम शिलारसात यायचं, तर खालच्या प्रावरणाचा खडक थोडाथोडका वितळून भागत नाही, त्याचा फार मोठा हिस्सा वितळावा लागतो. यावर एक गंभीर आक्षेप आहे, तोही सांगायला हवा. प्रावरणात पाणी असेल तर खडक कमी तापमानालाच वितळतो. मग हे आकडे फुगलेले नसतील कशावरून? पाण्याने काही प्रमाणात फरक पडत असेल हे मला मान्य आहे. पण सगळा फरक एकट्या पाण्यावर ढकलता येईल असं मला वाटत नाही. कारण असे खडक बहुतांशी २.५ अब्ज वर्षांपेक्षा जुनेच सापडतात. त्यानंतरचे अगदी विरळ; कोलंबियाच्या गोर्गोना बेटावरचे, सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीचे, हा प्रसिद्ध अपवाद. पृथ्वीचं पोट हळूहळू निवत गेलं, हेच त्यातून सरळ दिसतं. ते तापलेलं का होतं हेही माहीत आहे. जन्मावेळची उष्णता शिल्लक होती, आणि चार अब्ज वर्षांपूर्वी किरणोत्सारी मूलद्रव्यांतून मिळणारी उष्णता आजच्या तिपटीहून जास्त होती.

इतकं ऐकलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे लालभडक, धगधगता गोळा उभा राहतो. तिथेच मी थांबवतो. कारण दुसरा साक्षीदार वेगळं सांगतो.

पश्चिम ऑस्ट्रेलियात जॅक हिल्स नावाच्या टेकड्या आहेत. तिथे वाळू आणि गोटे घट्ट होऊन तयार झालेला, सुमारे तीन अब्ज वर्षांचा खडक आहे. तो अग्निज नाही. पण त्याच्या वाळूत झिरकॉन या टिकाऊ खनिजाचे बारीक कण आहेत आणि ते त्याहून जुन्या, कधीच नाहीशा झालेल्या अग्निज खडकांतून सुटून आलेले आहेत. त्यातल्या सर्वांत जुन्या कणाचं वय जवळपास ४.४ अब्ज वर्षं भरलं. कण मिलिमीटरच्या एका अंशाएवढा.

वय कळतं ते झिरकॉनच्या एका खोडीमुळे. वाढताना तो झिर्कोनियमच्या जागी युरेनियमला आत येऊ देतो, शिशाला मात्र जवळजवळ येऊच देत नाही. म्हणजे आज आत जे शिसं सापडतं ते युरेनियमच्या ऱ्हासातून आलेलं. त्यातही घड्याळं दोन: युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य, म्हणजे त्यातलं निम्मं संपायला लागणारा काळ, सुमारे ४.४७ अब्ज वर्षं, युरेनियम-२३५ चं सुमारे ७० कोटी. दोन्ही घड्याळांनी एकच वेळ दाखवली तर त्या वयावर विश्वास ठेवता येतो. मधल्या काळात कणातून शिसं निसटलं असेल तर दोघांत तफावत पडते आणि लबाडी लगेच उघडी होते.

पण खरी बातमी होती ऑक्सिजनची. या कणांपैकी काहींत ऑक्सिजनचा जड समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा जास्त वजनाचा अणू), ऑक्सिजन-१८, प्रावरणातून थेट आलेल्या शिलारसात असतो त्याहून जास्त सापडला. २००१ साली दोन वेगळ्या गटांनी हे प्रसिद्ध केलं. खडक पृष्ठभागाजवळ, कमी तापमानाला, द्रवरूप पाण्यात मुरतो तेव्हा त्यात हा जड ऑक्सिजन वाढतो. असा मुरलेला खडक पुन्हा खाली जाऊन वितळला आणि त्या शिलारसातून हे झिरकॉन वाढले, हा त्याचा सर्वांत सरळ अर्थ. म्हणजे पृथ्वी जन्मून जेमतेम २०-३० कोटी वर्षं झाली असताना पृष्ठभागावर पाणी होतं. आतून आजच्याहून कितीतरी तापलेली आणि वरून ओली, अशी ती पृथ्वी होती.

पुढचे पुरावे याला धरूनच आहेत. ग्रीनलंडमधल्या इसुआला ३.७ ते ३.८ अब्ज वर्षांपूर्वीचा उशीसारख्या गोलसर गाठींचा लाव्हा आहे. लाव्हा पाण्याखाली ओतला गेला तरच अशा गाठी पडतात. कॅनडातला अकास्टा नाइस हा पट्टेदार खडक ४.०३ अब्ज वर्षांचा. तो आता रूपांतरित आहे, पण मूळचा अग्निज.

आणि त्याआधीचं? तिथे मोठी पोकळी आहे. क्लेअर पॅटरसन या भूरसायनशास्त्रज्ञाने १९५६ साली उल्कापाषाणांतल्या शिशावरून पृथ्वीचं वय ४.५५ अब्ज वर्षं ठरवलं, आजही ते जवळपास तेच मानलं जातं. तिथून अकास्टापर्यंत पन्नास कोटी वर्षं. त्या काळाबद्दल बहुतेक सगळं आपण सुट्या झिरकॉनांवरूनच बोलतो, आणि झिरकॉन हा एकतर्फी साक्षीदार आहे. ग्रॅनाइटसारख्या सिलिकायुक्त शिलारसात तो सहज तयार होतो, बेसाल्टसारख्या शिलारसात फारसा होत नाही. पहिलं भूकवच मुख्यतः बेसाल्टसारखं असेल, तर त्याच्याबद्दल झिरकॉन जवळजवळ गप्पच राहणार. भूपट्टांची आजच्यासारखी हालचाल तेव्हा होती का, यावर इतके मतभेद आहेत ते बऱ्याच अंशी यामुळेच. मला स्वतःला ती आजच्यासारखी नसावी असं वाटतं, कारण इतक्या तापलेल्या प्रावरणावरचं कवच मऊ असणार, आजच्यासारखं ताठ राहून ते खाली बुडालं असेल हे मला पटत नाही. पण हे मत आहे, मोजमाप नाही.

म्हणून सध्या माझं लक्ष कॅनडातच, हडसन उपसागराच्या काठावर, नुव्वुआगिट्टुक इथे आहे. तिथले बेसाल्टसारखे खडक ४.२८ अब्ज वर्षांचे असल्याचा दावा २००८ साली झाला, आणि त्यावर लगेच वाद पेटला. २०२५ साली त्यांच्यात घुसलेल्या खडकांचं वय ४.१६ अब्ज वर्षं काढलं गेलं. तेही समेरियम-निओडिमियमच्या दोन्ही घड्याळांवर: समेरियमच्या दोन समस्थानिकांचा ऱ्हास होऊन निओडिमियम बनतं, त्यावर ही घड्याळं चालतात. यातलं समेरियम-१४६ चं घड्याळ विशेष आहे, कारण तो समस्थानिक पृथ्वीच्या पहिल्या पन्नासेक कोटी वर्षांत जवळजवळ संपूनच गेला. त्याची खूण फक्त त्या काळात घडलेल्या गोष्टींतच उमटू शकते. हे वय टिकलं, तर हरवलेल्या काळातला सुटा कण नाही, अखंड खडक हातात येईल, आणि तोही झिरकॉन ज्याच्याबद्दल बोलत नाही त्या जातीचा.