वाढलेले यूरिक ॲसिड आणि माझे हृदय: माझा अनुभव

हृदयाची पंपिंग क्षमता कमी झाल्यामुळे मी कर्वे रस्त्यावरील एका हृदयरोगतज्ज्ञांकडे बरीच वर्षे उपचार घेत आहे. यंदाच्या तपासणीत यूरिक ॲसिड ८.६ निघाले आणि घरात लगेच तूरडाळ व पालक बंद करण्याची चर्चा सुरू झाली.

डॉक्टरांनी मात्र आहाराआधी औषधांची यादी मागितली. पायांवरची सूज उतरावी म्हणून मी फुरोसेमाइड घेतो, शिवाय कमी मात्रेतील ॲस्पिरिनही चालू आहे. या दोन्हींमुळे लघवीवाटे यूरिक ॲसिड बाहेर पडणे कमी होते. एकूण यूरिक ॲसिडपैकी सुमारे दोन तृतीयांश मूत्रपिंडांवाटेच जात असल्याने त्यांनी मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिनही पाहिले, ते किंचित वाढलेले होते. तरीही या दोन गोळ्या परस्पर बंद करायच्या नाहीत, असे त्यांनी बजावले. डाळी आणि पालक यांना त्यांनी मोकळीक दिली. मटणाची कलेजी, सुकी मासळी आणि बिअर यांना नाही.

यूरिक ॲसिड जास्त असलेल्या हृदयरुग्णांना धोका अधिक असतो, मग ते उतरवणारी गोळी का देत नाही, असे मी विचारले. दोन्ही गोष्टी एकत्र आढळतात, पण म्हणून आकडा उतरवला की हृदय सुरक्षित होते असे नाही, असे ते म्हणाले. ब्रिटनमध्ये गाऊट (यूरिक ॲसिडमुळे होणारी सांधेदुखी) नसलेल्या, साठीपुढच्या पाच हजारांहून अधिक हृदयरुग्णांवर ॲलोप्युरिनॉल या यूरिक ॲसिड उतरवणाऱ्या गोळीची चाचणी झाली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व हृदयविकाराने होणारे मृत्यू यांत फरक दिसला नाही. फेबुक्सोस्टॅट या तशाच दुसऱ्या गोळीबाबत तर २०१८ च्या चाचणीत गाऊट असलेल्या हृदयरुग्णांमध्ये ॲलोप्युरिनॉलच्या तुलनेत मृत्यू अधिक आढळले होते. २०२० च्या युरोपातील चाचणीत तसे आढळले नाही. एवढे ऐकल्यावर गोळीचा माझा आग्रह गळून पडला.

त्यांनी माझी रक्तदाबाची गोळी बदलून लोसार्टन दिले आणि हृदयासाठी डापाग्लिफ्लोझिन जोडले. या दोन्ही औषधांनी यूरिक ॲसिडही काहीसे उतरते. एक सूचना मात्र त्यांनी कागदावर लिहून दिली: पायाचा अंगठा रात्रीतून सुजून ठणकू लागला, तर औषधाच्या दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन ही वेदनाशामके आणायची नाहीत, कारण त्यांनी शरीरात पाणी साचते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. तसे झाले तर तो गाऊट असू शकतो. त्याचे औषध वेगळे असते आणि वारंवार त्रास झाल्यास यूरिक ॲसिड ६ च्या खाली ठेवावे लागते. पुढच्या तपासणीत माझा आकडा ७.३ आला आणि सांधे शाबूत असल्यामुळे डॉक्टरांनी तो तसाच राहू दिला.