हार्डली अभ्यास केलेला मुलगा

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे असा मेसेज आला आणि मला गॅदरिंग नाही, सहल नाही, डायरेक्ट नववीचा सहामाहीचा इंग्रजीचा पेपर आठवला. पत्रलेखनात मी वडिलांना छातीठोकपणे लिहिलं होतं, आय स्टडीड हार्डली धिस इयर. म्हणायचं होतं खूप अभ्यास केला, आणि लिहून बसलो जेमतेमच केला. सरांनी पेपर वाटताना ते वाक्य सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं आणि म्हणाले, "मार्क बघता खरं लिहिलंयस."

माझं लॉजिक सरळ होतं हो, स्लोचं स्लोली, क्विकचं क्विकली, मग हार्डचं हार्डली का नाही? सर म्हणाले, शेपूट बघून प्राणी ओळखू नका. हार्ड, फास्ट हे बिनशेपटाचेच क्रियाविशेषण होतात, जुन्या इंग्रजीत त्यांना शेवटी ई लागायचा तो कधीच गळून पडला. उलट फ्रेंडली, कॉस्टली यांना शेपूट आहे पण ती विशेषणं, कारण तिथे ली नामाला चिकटलाय, विशेषणाला नाही. हे मला आजही कामी येतं.

पण खरी गोची आपल्या मराठीत आहे असं माझं मत. तो चांगला गातो, ती चांगली गाते. सांगतोय गाण्याबद्दल आणि रूप बदलतंय गाणाऱ्याप्रमाणे! मग आम्ही बिनधास्त शी सिंग्ज गुड म्हणायचो, तिथे पाहिजे वेल. आणि वेल पाठ केला की सूप टेस्ट्स वेल, तेही चूक. यावर सरांची युक्ती म्हणजे क्रियापदाच्या जागी इज घालून बघा. सूप इज गुड, अर्थ टिकला, म्हणजे शब्द सूपचा, विशेषणच हवं. शी लुक्ड अँग्री म्हणजे ती चिडलेली दिसली, पण शी लुक्ड अँग्रिली ॲट मी म्हणजे तिने माझ्याकडे रागाने बघितलं, इथे इज घालून बघा, वाक्यच मोडतं.

मागच्या महिन्यात सरांना फोन केला. हाऊ आर यू सर, विचारलं. "आय ॲम वेल. सांग, यातला वेल कोण?" मी झटकन म्हणालो, क्रियाविशेषण!

पलीकडे शांतता. सेम नववीतली. मग आठवलं, तब्येत ठणठणीत अशा अर्थाचा वेल विशेषण असतो, आणि मधे इज-ॲमच तर होतं.